हिरव्या कापडातला दिवेवाला

आमच्या ग्रंथालयाचे बाइंडर पुस्तकाला अगोदर बोट लावतात आणि मग नाव विचारतात. फाटक्या पुस्तकाचं मधलंच एक पान उघडायचं, दोन ओळी वाचायच्या आणि निकाल द्यायचा, "खरं आहे" किंवा "थापा आहेत." निकाल लागला की कापड ठरलं. माहितीच्या पुस्तकाला हिरवं, गोष्टीच्या पुस्तकाला लाल. मुखपृष्ठच उरलं नसेल तर रंग बाइंडरांनी ठरवायचा, असा ग्रंथपाल बाईंचा त्यांच्यावर विश्वास. एकोणतीस वर्षांत एकही रंग चुकला नाही, हे ते न विचारताही सांगतात.

ते स्वतः फक्त हिरवं वाचतात. जनावरांचे आजार त्यांनी वाचलेत, विहिरीला झरा कुठे लागतो ते वाचलंय, शिडाच्या जहाजाची डागडुजी दोनदा वाचलीय. घरात ना गाय, ना विहीर, आणि जहाज बांधायचं तर जिन्यातून खाली कसं न्यायचं हा प्रश्न. पण त्यांचं म्हणणं, घडलेलं वाचावं, कधी ना कधी उपयोगी पडतं.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, लाल वाचतात. दुरुस्तीला आलेली कादंबरी परत जाण्याआधी त्यांच्या हाताखालून जाते. शेगडीवर दूध, हातात कादंबरी, अशा अवस्थेत आजवर किती दूध शेगडीने प्यायलं याचा हिशेब नाही. एकदा एका कादंबरीपायी त्या डोळे पुसत बसल्या होत्या. बाइंडर खळ ढवळता ढवळता म्हणाले, "कुणासाठी रडतेस? तो माणूस जन्मालाच आला नाही." वहिनींनी डोळे पुसून पान उलटलं. काही वाक्यं बायका लोणच्यासारखी मुरत ठेवतात.

तर यंदा बारा पुस्तकांचा गठ्ठा आला. त्यात एकाला ना मुखपृष्ठ, ना सुरुवातीची पानं. बाइंडरांनी बोट घालून मधलं पान उघडलं. दीपगृहाच्या दिव्याची वात कशी कापायची, हे एक रखवालदार स्वतःच्या शब्दांत सांगत होता. कात्री तिरकी धरायची, कोपरे गोल करायचे, नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात. बाइंडरांनी ताबडतोब हिरवं कापड काढलं.

आणि पुस्तक शिवायच्या आधी वाचायला घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात फरक दिसू लागला. भिंगं व्हिनेगरने पुसावीत असं दिवेवाल्याने लिहिलं होतं, म्हणून कामाच्या खोलीच्या खिडक्या व्हिनेगरने पुसल्या गेल्या. सकाळचा चहा घेताना बाइंडर वाऱ्याची दिशा जाहीर करू लागले. त्या वाऱ्याने फक्त समोरच्यांची चादर हलत होती, पण नोंद झाली. जेवताना दिवेवाल्याची बातमी असायची. खडकावर नवरा-बायको दोघंच राहतात. तिला ताप आलाय. औषधासाठी ती होडीने किनाऱ्यावर गेलीय. आता वादळ उठलंय आणि ह्याला दिवा सोडून हलता येत नाही.

आमटी वाढता वाढता वहिनींचा हात थांबला. मग त्यांनी एक पळी जास्तच वाढली आणि फार काळजीने विचारलं, की ही सगळी खरी माहिती का? बाइंडर म्हणाले, असं कुणाला रचता येईल का? वहिनी म्हणाल्या, छे, कुणाला जमणार. आणि तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या. ज्या कादंबरीपायी त्या डोळे पुसत बसल्या होत्या, ती हीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाइंडर शेवटच्या पानावर पोचले. "मी दुर्बीण उचलली. पाण्यावर काहीतरी काळं" एवढ्यावर पान संपलं. उलटलं, तर पुढे टेबल.

शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानं, गायब. त्यांनी दाबयंत्राखाली पाहिलं, पुठ्ठ्यांमागे पाहिलं. आणि मग त्यांना आठवलं. पुस्तकाच्या पाठीला बळकटी यावी म्हणून आतून रद्दी कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. गठ्ठा सोडला त्या दिवशी तळाशी काही सुटी पानं होती. रद्दी समजून त्यांनीच ती उभी कापली होती. दिवेवाल्याचा शेवट आता उरलेल्या अकरा पुस्तकांच्या पाठीत चिकटून बसला होता.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई पुस्तकं न्यायला यायच्या होत्या. बाइंडरांनी दार लोटलं, सुरी घेतली आणि नुकत्याच बांधलेल्या भूमितीच्या पुस्तकाची पाठ उघडली. पट्टीवर मिळालं "होडी" आणि खाली "मीठ". मधमाश्यांच्या पुस्तकात "नव्ह" एवढंच निघालं. ते तिसऱ्या पुस्तकाच्या पाठीला हात घालणार, तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आत आल्या. टेबलावर सोललेली दोन पुस्तकं, आणि नवरा ओल्या फडक्याने एक पट्टी भिजवत बसलेला.

बाइंडर म्हणाले की माहिती अपुरी राहिलीय.

वहिनींनी कप ठेवला, समोरचं स्टूल ओढलं आणि बसल्या. "कादंबरी आहे ती."

"वात कापायची रीत दिलीय त्यात."

"दिली असेल. कादंबरीतल्या माणसांनाही दिवे लावावे लागतात."

बाइंडरांनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एकोणतीस वर्षांत न चुकलेला रंग समोर पसरला होता, हिरवागार. त्यांनी कोरडाच ब्रश पुठ्ठ्यावर दोन-तीनदा फिरवला.

"म्हणजे तो माणूस..."

"जन्मालाच आला नाही," वहिनी म्हणाल्या. लोणचं चांगलं मुरलं होतं.

चहावर साय धरली. शेवटी बाइंडर खिडकीकडे बघत म्हणाले, "बरं. पण ती परत आली का?"

"कोण ती? जन्मालाच न आलेल्या माणसाची बायको?"

"अगं, सांग ना."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या सुरात त्यांनी काही मागितल्याचं वहिनींना आठवत नव्हतं. त्यांचा सूड तिथेच विरघळला. त्यांनी सांगायला घेतलं, आणि बाइंडर पाठी पुन्हा चिकटवत ऐकू लागले. पाण्यावरचं काळं म्हणजे होडीच होती, पण रिकामी. तिचा दोर तुटला होता. बायको होडीत बसलीच नव्हती. आभाळ बघून ती किनाऱ्यावर थांबली आणि दोन रात्री दिव्याकडे बघत बसली. दिवा जळतोय म्हणजे हा ठीक आहे, एवढं तिला कळत होतं. ह्याला मात्र काहीच कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्या दिवशी ओहोटीला खडक उघडे पडले, तेव्हा ती चालत आली, वर बघितलं आणि म्हणाली, काच धुरकटलीय तुमची.

बाइंडरांनी नाक शिंकरलं आणि खळ आंबलीय म्हणाले. खळ सकाळीच केलेली होती.

"आणि पुढे?"

"पुढे काय? पुस्तक संपलं."

"पुस्तक संपलं म्हणून काय झालं? दिवा तर रोज लावायचाच असेल ना त्याला."

वहिनींनी ह्यावर वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, सोळा कोरी पानं शिवून घ्या, शेवट मी आठवेल तसा लिहून देते. मग उठून लाल कापडाची गुंडाळी काढून त्यांच्यापुढे ठेवली. चूक ती चूक, उद्या बाईंपुढे लाज नको.

बाइंडरांनी गुंडाळी बाजूला सारली. "राहू दे हिरवंच. माझ्यासारखा एखादा असेल, लालच्या कपाटाकडे न फिरकणारा. त्याच्या हाती ही गोष्ट कशी लागायची मग?"

वहिनींनी थोडा विचार केला. मग गठ्ठ्यातल्या आणखी दोन लाल कादंबऱ्या शोधून आणल्या आणि हिरव्या कापडावर ठेवल्या.

बाइंडरांनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि कात्री तिरकी धरून कापडाचे कोपरे गोल कापायला घेतले.