वर्गाचं ऑडिट

आकुर्डीच्या आमच्या कॉलेजात दोन तुकड्या एकाच हॉलमध्ये कोंबून बसवायचे. माझी नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची, म्हणजे वर्षभर जीव टांगणीला. अर्धी मुलं चाकणला पहिली शिफ्ट करून कंपनीच्या शर्टातच यायची. त्यांच्यापुढे फळा वाचला की ती झोपायची, आणि का झोपू नये त्यांनी?

म्हणून मी माझी बडबड कमी केली. गंजलेला नट सुटत नसेल तर पान्याला पाइप का जोडतात, असं काहीतरी विचारायचे आणि म्हणायचे, शेजाऱ्याशी भांडा, चुकलात तरी चालेल. काय गोंगाट व्हायचा! मागच्या बाकावरची पोरंही चुकीची उत्तरं तावातावाने मांडायची. ती चुकीची उत्तरं हीच माझी कमाई होती. प्राचार्य दारात येऊन विचारायचे, "मॅडम, हा वर्ग आहे की मंडई?"

मग तपासणीला समिती येणार असं ठरलं आणि तेच प्राचार्य म्हणाले, "तुमचाच तास दाखवू. पान्याचाच प्रश्न घ्या, नवीन काही नको. चांगला झाला तर तुमच्या नेमणुकीचं बघतो." मी मूर्खासारखी हे सगळं वर्गात बोलून गेले.

समितीपुढे मी प्रश्न विचारला. एकाने चूक उत्तर दिलं, दुसरीने "मॅडम, माझं मत वेगळं आहे" म्हणत ते खोडलं, तिसऱ्याने सूत्र सांगितलं. कोणी कोणाचं बोलणं तोडलं नाही. समिती खुशीत माना डोलावत होती.

तास संपल्यावर वर्गप्रतिनिधी मुलगी हसत आली. "मॅडम, कंपनीत ऑडिटच्या आधी सुपरवायझर सगळ्यांकडून उत्तरं पाठ करून घेतात. तसंच केलं. ग्रुपवर वाटून घेतलं, चूक कोणी बोलायचं तेसुद्धा. तुमची नोकरी राह्यली पाहिजे ना!"

तिच्यावर ओरडताही येईना. इतक्या प्रेमाने माझं वाटोळं आजवर कोणी केलं नव्हतं.

नेमणूक झाली. प्राचार्यांनी फर्मान काढलं, सगळ्यांनी असेच तास घ्यायचे, प्रश्न-उत्तरं आधी ग्रुपवर टाकून. मी हट्टाने काहीच टाकलं नाही. वर्गात नवा प्रश्न विचारला आणि म्हटलं, भांडा.

हॉल चिडीचूप. शेवटी मागून आवाज आला, "मॅडम, आज कोण येणार हाय?"

"कोणी नाही."

मग सगळे वह्या उघडून माझ्या उत्तराची वाट बघत बसले. मी सांगितलं.