शेवटची सोळा पानं

आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली आणि या बावीस वर्षांत मी एकही पुस्तक पुरतं वाचलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. बायको शाळेत ग्रंथपाल आहे, त्यामुळे ही गोष्ट चारचौघांत लपवावी लागते. माझं पंखे, इस्त्र्या आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. वस्तूबरोबर येणारं माहितीपत्रकसुद्धा मी कधी उघडत नाही. स्क्रू काढला की आत काय आहे ते दिसतंच.

त्यामुळे तिच्या शाळेतली नववी-दहावीची मुलं वाचनालयाकडे फिरकत नाहीत, म्हणून ती खोली कॉम्प्युटरसाठी घ्यायची असं मुख्याध्यापकांच्या मनात आलं, तेव्हा खरं सांगायचं तर मी मुलांच्या बाजूने होतो. पण बायको घरी आली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली. "पंधरा तारखेला सुतार मापं घ्यायला येणार," म्हणाली. "खोली गेली की मला ऑफिसात दाखले लिहायला बसवतील." आणि रडली. माझी बायको रडत नाही, ओरडते. मी उठून पंखा वाढवला.

दुसऱ्या दिवसापासून तिने कंबर कसली. न वाचणाऱ्या मोठ्या मुलांना वाचतं कसं करावं, यावर जगात इतकं लिहून ठेवलंय की ते वाचता वाचताच ग्रंथपाल निवृत्त व्हावा. फोनवरच्या एका ग्रुपात ती शिरली. तिथे दोनशे बारा ग्रंथपाल दिवसभर एकमेकांना याद्या पाठवत. सुट्टीच्या दिवशी एका शिबिराला गेली. तिथल्या उत्साही बाईंनी सगळ्यांना 'मी एक पुस्तक आहे, मला कुणी हात लावत नाही' असा अभिनय करायला लावला. घरी येऊन हिने तो मला करून दाखवला. मी हसलो. दोन दिवस अबोला होता.

मग प्रयोग सुरू झाले. भिंतीवर कागदाचं झाड लावलं, प्रत्येकाने वाचलेल्या पुस्तकाचं नाव पानावर लिहून चिकटवायचं. आठवडाभरात झाड गच्च भरलं, पण त्यावर सगळी शिक्षकांची टोपणनावं होती. कोपऱ्यात गाद्या-उशा टाकल्या, तर दहावीची दोन मुलं गणिताचा तास बुडवून तिथे घोरताना सापडली. 'तुला काय वाचायला आवडेल?' असा फॉर्म वाटला. तेहेतीस जणांनी लिहिलं, 'सुट्टीची नोटीस.'

"मुलं प्रामाणिक आहेत गं," मी म्हणालो.

"अहो, तुम्ही जरा गप्प बसता का?"

मी चहा टाकायला उठलो. पण तिचा एक नाद इथे सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. पुस्तक खिळखिळं झालेलं तिला बघवत नाही. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्या शिवून केलेलं असतं, आणि शेवटची जुडी सगळ्यात आधी निखळते. ती जुडी ही अलगद सोडवते, कडा चिकटवून सारखी करते आणि दाबाखाली ठेवायला माझ्या दुकानात आणते. माझ्याकडे पंख्यांच्या जुन्या जड मोटारी पडलेल्या असतात, त्यांच्याखाली पानं कशी इस्त्री केल्यासारखी होतात. तोवर पुस्तकाचं बाकीचं धड दुरुस्तीच्या कपाटात कुलपात असतं. या धावपळीत मात्र सात धडं कपाटात न जाता चुकून फडताळावर गेली. शेवटाशिवाय.

नववीत एक मुलगी आहे. प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून मी तिला वकीलबाई म्हणतो. तिला बडबडीची शिक्षा म्हणून वाचनालयात पाठवलं आणि एक पुस्तक वाचून यायला सांगितलं. तिने शिक्षा भोगणारा कुणीही घेईल तेच घेतलं, म्हणजे सगळ्यात बारीक पुस्तक. आता ते बारीक का होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

त्या दुपारी वीज गेली होती. विजेवाचून मला काम नाही. मोटारीखालची जुडी वाळली का बघायला काढली आणि दारातल्या उजेडात धरली, तर नजर पडली. एक माणूस अकरा वर्षांनी घरी परत येतो. दारात कुत्रा बसलेला आहे. कुत्रा भुंकत नाही. तेवढं बघून तो माणूस उंबऱ्यावरूनच मागे फिरतो! मला त्या माणसाचा असा राग आला की विचारू नका. सोळा पानं वाचली, परत वाचली. वीज आली तरी मी तिथेच उभा होतो.

एवढ्यात वकीलबाई दप्तरासकट हजर. "काका, माझ्या पुस्तकाचा शेवट तुमच्याकडे आहे म्हणाल्या बाई."

"कुठलं पुस्तक?"

"घरातून निघून गेलेल्या माणसाचं. तो परत येतो की नाही? पटकन सांगा."

"ते सांगतो. आधी तू सांग, कुत्रा का भुंकत नाही?"

ती चमकली. "म्हणजे तो येतो!"

"मी काही बोललो नाही. कुत्र्याचं बोल."

"आधी पानं द्या."

"आधी कुत्रा."

गिऱ्हाईक इस्त्री घेऊन ताटकळत उभं, आणि आम्ही दोघं हमरीतुमरीवर. शेवटी तिने पानं हिसकावली, स्टुलावर बसून वाचली, डोळे पुसले आणि म्हणाली, "बरोबर केलं त्याने." आणि मला काहीही न सांगता निघून गेली.

संध्याकाळी बायको चुकीबद्दल स्वतःला बोल लावत बसली होती. मी तिला झाला प्रकार सांगितला आणि म्हणालो, "कुत्र्याचं तेवढं सांग ना." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी जन्मभर पुस्तकं सांधणाऱ्या माझ्या बायकोने आणखी वीस पुस्तकांचे शेवट सोडवले. धडं फडताळावर ठेवली, शेवट टेबलाच्या खणात. नियम दोनच होते. शेवट घरी मिळणार नाही, इथेच बसून वाचायचा, आणि कुणाला सांगायचा नाही. वकीलबाईने वर्गात बोभाटा केला होताच. पहिल्या दिवशी चौघं आली, आठवड्याने रांग लागली. मुलं शेवटावरून भांडायची आणि भांडण मिटवायला पुन्हा पहिलं पान उघडायची.

मी कुत्र्याच्या पुस्तकाचं धड घरी मागितलं. "शाळेबाहेरच्यांना घरी मिळणार नाही," ती म्हणाली. "तुमचा नंबर सहावा."

नंबर लागला नेमका पंधरा तारखेला. दुकान बंद करून गेलो आणि मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसलो. थोड्या वेळाने मुख्याध्यापक आले, मागे सुतार. सुताराला भिंत मोजायची होती, पण भिंतीला टेकून बसलेली मुलं हलेनात. "दोनच पानं राहिलीत," एकाने मान वर न करता सांगितलं. मुख्याध्यापकांना टेकायलाही खुर्ची उरली नव्हती. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"हे कोण?" त्यांनी बायकोला विचारलं.

बावीस वर्षं ती माझी ओळख एकाच तऱ्हेने करून देत आलीय, 'आमचे हे, दुकान आहे त्यांचं.' तिने खणातून कुणाचा तरी शेवट काढून दिला आणि म्हणाली, "वाचक आहेत. जरा हळू बोला, सर."

मुख्याध्यापक खरंच हळू बोलले. "सुतारबुवा, प्रयोगशाळेशेजारची खोली बघू या," असं म्हणून ते बाहेर गेले. बायको माझ्याकडे बघतेय हे मला कळत होतं, पण मान वर करायची सोय नव्हती. मी पुस्तक डोळ्यांपासून जरा लांब धरलं. पानं ओली झालेली तिला अजिबात चालत नाहीत.