ताट उचलायची घाई आणि माझा ड्रायव्हर

मंडळी, आज बाबा माझ्यावर रागावले आणि त्यांचे आभार कसे मानू तेच कळत नाहीये.

मी राळेगावला घरून काम करते. नव्या प्रकारच्या डिस्कवरच्या फाइली कम्प्युटरला वाचता याव्यात म्हणून कम्प्युटरमध्ये बसवायचा एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, लिहिते आहे. तीन दिवसांपासून फाइल बंद केली की कम्प्युटरच बंद पडायचा. काम आज द्यायचं होतं. 'मला जमत नाही, दुसऱ्याला द्या' असा मेल मी लिहूनही ठेवला होता.

दुपारी जेवताना बाबांचा हात थांबला आणि मी लगेच ताट उचललं.

"अवं पोरी, ताट काहून नेऊन राह्यली? भाकर झाली, भात राह्यला ना माहा!"

आई हसली. "मीच शिकवलं तिले. झालं की आवर."

खरंच, शाळेआधी घरी आईकडून मी हेच शिकले.

मी ताट धरून तशीच उभी राहिले. फाइल बंद होताना ड्रायव्हरला दोन निरोप येतात. पहिला, फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅमनं हँडल, म्हणजे फाइलवरची आपली पकड, सोडल्याचा. तेव्हा सिस्टीम आतून ती फाइल अजून वापरत असू शकते. तिचंही संपलं की दुसरा येतो. मी पहिल्याच निरोपावर त्या फाइलसाठीची सगळी मेमरी मोकळी करत होते!

आवराआवर दुसऱ्या निरोपावर नेली. कितीतरी फाइली उघडल्या, बंद केल्या. कम्प्युटर चालूच! तो मेल खोडला आणि ड्रायव्हर पाठवला.

बाबा बोलले नसते, तर आवडतं काम मी आज हातानं सोडलं असतं.

तुमची कुठली चांगली सवय कधी तुम्हालाच नडली आहे का?