लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सुटलेली कुत्री

लकवा मारल्यापासून बाबांचे शब्द गेले होते. आईला हाक मारता येईना, पाणी मागता येईना. आमची तपकिरी कुत्री खाटेजवळ आली की मात्र तोंड वाकडं करून, जोर लावून ते म्हणायचे, "ये ग." डॉक्टर म्हणाले, "बोलू द्या त्यांना तिच्याशी. एकेक शब्द परत येईल." खरंच यायला लागले. "बस" आला, "खा" आला. एकदा तिला हाकलताना चक्क शिवी आली, तेव्हा आई हसता हसता रडली.

त्यामुळे दिवाळीची धास्ती होती. आदल्या वर्षी फटाक्यांनी कुत्री मोरीत जाऊन बसली होती आणि सण सरेपर्यंत तिने भाकरीला तोंड लावलं नव्हतं. आमचं घर तळोद्याच्या भर वस्तीत, पुढे पोरांचा चौक. मागच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या बांधून पाहिल्या, तरी आवाज यायचाच. मागच्या गल्लीतले टेलरचाचा बाबांचे जुने सोबती. त्यांचं दुकान म्हणजे जाड भिंतींची, बिनखिडकीची खोली. कुत्री दुपारची तिथेच मशीनखाली झोपायची. तेच म्हणाले, "बेटा, तिले मन्हा दुकानमा ठेव. मशीननी घरघर तिले सवयनी शे. मी बसस ना तिनाजोडे."

गुरांच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी गुळात घालून तिला चारली. नवा पट्टा घालून तिला दुकानात मशीनच्या पायाला बांधलं, खाली बाबांचा जुना सदरा अंथरला. शिवणकाम दुपारीच उरकलं होतं, तरी चाचा शटर पाडून रिकामी मशीन चालवत बसले, नुसती तिला ऐकू यावी म्हणून. मी दोनदा शटर जरा उचलून डोकावले तर ती सदऱ्यावर नाक ठेवून पडलेली.

चाचांच्या शेजारच्या बंद गाळ्यात त्याच आठवड्यात मोबाईलचं दुकान आलं होतं. पूजा झाल्यावर त्या लोकांनी दारात लड लावली. लांबलचक, संपता संपेना. शटरखालून सगळा धूर चाचांच्या खोलीत शिरला.

थोड्या वेळाने चाचा आमच्या दारात उभे राहिले. डोळे लाल, हातात तुटलेला पट्टा.

"धूर व्हयना, मन्हा जीव कोंडायना," ते म्हणाले. "शटर जरासं वर करं, आनि ती पट्टा तोडीसन निंघी गयी. मी पयनू तिना मांगे, पन..."

खोकल्याने त्यांना पुढे बोलता येईना. "आते कसं व्हई?" आई एवढंच म्हणाली. बाबा खाटेवरून त्या पट्ट्याकडे बघत होते.

शोधायचं ते सगळं शोधलं. मी जीपच्या अड्ड्यावर गेले, सातपुड्यातल्या गावांना जाणाऱ्या ड्रायव्हरांना फोटो दाखवला. उसाच्या बांधांवरून हाका मारत फिरले, तर शेतांपलीकडेही फटाकेच. हाका त्यात बुडत होत्या. पुढे कोणी सांगितलं, शहाद्याच्या रस्त्याला तपकिरी कुत्री मरून पडली आहे. चाचा आणि मी गेलो. ती दुसरीच होती. परतताना चाचा म्हणाले, "हाई तरी कोनीतरी व्हतीच ना."

बाबांना आम्ही रोज दारात खुर्चीवर बसवायचो. रस्त्याने कुठलंही कुत्रं गेलं की ते म्हणायचे, "ये ग." ते कुत्रं थांबायचं, बघायचं, निघून जायचं. तुळशीच्या लग्नाला पुन्हा फटाके उडाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारात बसायला नकार दिला. चांगल्या हाताने चौकट धरून ठेवली, सोडेनात. त्यानंतर ते काहीच बोलले नाहीत.

मी एक पिल्लू आणलं. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पिल्लू शेतावर राहणारा माझा भाऊ घेऊन गेला.

डॉक्टर म्हणतात, बोलायचे प्रयत्न सुरू ठेवा. आई सकाळी त्यांच्यासमोर वाटी धरते आणि लहान मुलाला शिकवावं तसं म्हणते, "वाटी. म्हना, वाटी." ते आईकडे बघतही नाहीत. चाचा आमच्याकडे येत नाहीत आता. मी दुकानावरून गेले की मान खाली घालून कापड कापत राहतात. "चाचा, तुमचा काय दोष?" असं मी कितीदा म्हटलं असेल. ते ऐकतात आणि कात्री चालवत राहतात.