संडासाच्या स्लॅबवरच्या बारा काचा

किकवीत प्रेरणाला लोक 'सोलरवाली' म्हणतात, आणि हा शब्द कानावर पडला की तिचं डोकं फिरतं. गेली सहा वर्षं ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मटेरिअल सायन्समध्ये पीएचडी करते आहे. सोलर सेलमध्ये उन्हाची वीज ज्या थरात होते, तो थर कशाचा करायचा आणि टिकवायचा कसा, हा तिचा विषय. पण गावाच्या लेखी सोलर म्हणजे शेतातला पंप आणि गच्चीवरचं गरम पाणी. रविवारी ती घरी आली रे आली, की शेजारचे आनंदराव बंद पडलेल्या पंपाचा डबा काखेत मारून ओट्यावर हजर. पंपातलं आपल्याला काही कळत नाही, हे तिने त्यांना चारदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. एवढी वर्षं शिकून पोरीला साधा पंप चालू करता येईना, म्हणून ते तिच्या वडिलांजवळ हळहळले, आणि वडिलांनीही मान हलवली. त्या मान हलवण्याचा तिला जास्त राग आला. त्यातल्या त्यात आई बरी. कुणी विचारलं तर "आमची प्रेरणा काचा बनवती" एवढंच ती सांगायची, आणि ते निम्मं तरी खरं होतं.

शिक्षणाची वाटही काही सरळ नव्हती. किकवीची शाळा झाल्यावर तिने फिजिक्स घेऊन भोरला बीएस्सीला नाव घातलं. प्रॅक्टिकल पाचला संपायचं आणि घरी न्यायची एसटी साडेचारला निघायची. तीन वर्षं शेवटचं रीडिंग मैत्रिणीवर, रत्नावर, सोपवून ती स्टँडकडे पळत सुटली, आणि दुसऱ्या दिवशी रत्नाने सांगितलेला आकडा मुकाट्याने वहीत उतरवत राहिली. त्यातले कितीतरी आकडे रत्नाने कंटाळून ठोकून दिले होते, हे पुढे रत्नानेच हसत हसत सांगितलं. प्रेरणाला हसू आलं नाही. आपल्या डोळ्यांनी न पाहिलेलं रीडिंग पुन्हा कधी आपलं म्हणायचं नाही, असा तिने कानाला खडा लावला. मग पुण्यात एमएस्सी झाली, परीक्षा देऊन फेलोशिप मिळाली, आणि तो काळा थर तिच्या नशिबी आला.

हा थर केसाच्या शंभराव्या हिश्शाइतका पातळ. काचेवर ओतायचा, सुकवायचा, की वीज झकास करतो. पण नखरे असे की नव्या नवरीनेही लाजावं. जरा दमट हवा लागली की काळ्याचा पिवळा होतो, आणि पिवळा झाला की संपला. त्याला दोन काचांच्या मध्ये ठेवून कडा बंद करायला तिने एक लेप शोधायला घेतला, आणि त्या लेपाने तिची चार वर्षं खाल्ली. शुक्रवारी काळी ठेवलेली काच सोमवारी पिवळी. तीनशेच्या वर काचा अशा गेल्या. शेवटी एक लेप प्रयोगशाळेतल्या दमट पेटीत टिकला, तेव्हा तिचे सर म्हणाले, पेटीतलं पेटीत राहू दे, आता खरा पाऊस दाखवा. खरा पाऊस म्हटल्यावर तिला आत्या आठवली.

ठकुबाई आत्या वेल्ह्याच्या पुढे, एसटी जिथून परत फिरते त्या गावात एकटी राहते. नवरा गेल्यापासून भाताची चार खाचरं तीच बघते. तिथला पाऊस एकदा बसला की माणसाला आपली सावली विसरायला लावतो. घरावर पत्रे, दारात फणस आणि दोन आंबे. मोकळं आभाळ फक्त एका ठिकाणी, अंगणाच्या टोकाला योजनेतून बांधलेल्या संडासाच्या स्लॅबवर. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रेरणाने त्या स्लॅबवर लोखंडी स्टँड पक्का केला आणि त्यात बोटभर लांबीच्या बारा काचा बसवल्या. पुढे शोधनिबंधात त्या जागेचं नाव 'उघड्यावरील चाचणी केंद्र' असं पडलं.

आत्याला तिने सगळं नीट बजावलं. पाऊस येवो, वारा येवो, काचा आहेत तशा भिजू द्यायच्या. झाकायच्या नाहीत, पुसायच्या नाहीत. आत्या "बरं" म्हणाली. संध्याकाळी चुलीपाशी तिने सहज विचारलं, ह्या काचांत असं हाय तरी काय. आणि प्रयोगशाळेत कधी डोळ्यांतून टिपूस न काढणारी प्रेरणा तिथे बोलत सुटली. ओलाव्याने मेलेल्या तीनशे काचा, वाया गेलेली वर्षं, बरोबरीच्या मुलींच्या नोकऱ्या, सगळं. बोलता बोलता रडलीही थोडी. आत्याने तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

पावसाळाभर तिला वेल्ह्याला फिरकता आलं नाही. दर रविवारी ती फोन करायची, काचा कशा आहेत विचारायची, आणि आत्या सांगायची, काळ्या कुळकुळीत हायत. एवढ्यावर तिचा आठवडा सुखात जायचा. जुलैत भाताच्या लावणीच्या दिवसांत आत्याचा आवाज बसला, मग ताप आला, आणि तो चांगले दहा दिवस हटेना. प्रेरणाने फोनवरच तिला फैलावर घेतलं. आत्याकडे नवऱ्याने स्वतःच्या हाताने केलेलं इरलं होतं. बांबूच्या कामट्यांचं, आत पानं आणि वर प्लॅस्टिकचा कागद. ते डोक्यावरून पाठीवर घेतलं की दिवसभर वाकून लावणी केली तरी पाठ कोरडी राहते. "इरलं काय शोभेला ठेवलंय का आत्या? घालायला काय होतं तुम्हाला?" असं ती ओरडली होती. आत्या म्हणाली, व्हय, चुकलं माजं.

सप्टेंबरअखेर एका कोरड्या दिवशी येऊन तिने काचा नेल्या. प्रयोगशाळेत मोजल्या, पुन्हा मोजल्या, यंत्र बदलून मोजल्या. बाराच्या बारा काळ्या, आणि वीज पहिल्या दिवसाच्या शंभरात शहाण्णव. सरांनी तिला सहा वर्षांत पहिल्यांदा चहा पाजला. निबंध आठ दिवसांत लिहून झाला. फेलोशिप डिसेंबरात संपत होती, आणि हा निबंध गेल्याशिवाय प्रबंध जाणार नव्हता. म्हणजे तिची सहा वर्षं आता या बारा काचांवर उभी होती. सोमवारी निबंध पाठवायचा होता. राहिला होता फक्त एक फोटो, स्टँडवर बसवलेल्या काचांचा.

म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी काचा घेऊन ती पुन्हा वेल्ह्याच्या एसटीत बसली. दुपारी काचा स्टँडवर चढवल्या, पण आभाळ भरून आलेलं, उजेड नीट नव्हता. ऊन येईस्तोवर चहा घेऊ म्हणून ती घरात आली. कपात चहा ओतला जातोय तोच पत्र्यावर थेंब वाजले. आत्या किटली तशीच ठेवून बाहेर पळाली. वाळत घातलेले कपडे काढायला गेली असेल, असं प्रेरणाला वाटलं. आत्या आली ती रिकाम्या हाताने आणि भिजून. प्रेरणाने दारातून बाहेर पाहिलं. स्लॅबवर स्टँड दिसत नव्हता. त्याच्या जागी इरलं होतं, चारही कोपऱ्यांना काथ्याच्या दोरीने बांधलेलं. दोऱ्या स्टँडच्या पायांना कायमच्या बांधून ठेवलेल्या होत्या, झिजून काळ्या पडलेल्या. मागच्या वेळी काचा काढताना त्या तिला दिसल्या होत्या. आत्याने कपड्यांसाठी बांधल्या असतील म्हणून तिने सोडून दिलं होतं.

हे किती दिवस चाललं होतं, असं तिने विचारलं. आत्याने सरळ सांगितलं. पहिल्या दिवसापासून. ऊन पडलं की काढायचं, पावसाचं चिन्ह दिसलं की संडासाशेजारच्या ड्रमवर चढून घालायचं. खाचरात जायचं तर सकाळीच बांधून जायचं, म्हणजे मागं घोर नको.

प्रेरणाने कपाळावर हात मारून घेतला. मग तिचा तोल गेला. तुम्हाला मराठीत सांगितलं होतं की नाही, झाकू नका म्हणून सांगितलं होतं की नाही, माझ्या आयुष्याचं वाटोळं करायला तुम्हीच उरला होता का, असं काय काय ती बोलली. चार महिन्यांत त्या काचांनी पाऊस पाहिलाच नव्हता. शंभरात शहाण्णव. घरात कपाटात ठेवल्या असत्या तरी शहाण्णवच आले असते.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "तू सांगितल्यालं ऐकलं की म्या. पर त्याच राती तू हितं चुलीम्होरं रडलीस न्हवं, पान्यानं तीनशे काचा मेल्या म्हणून? शिकल्याली मानसं काय बी सांगत्यात. ह्या बारा बी माझ्या डोळ्यादेखत मरू देऊ व्हय?"

प्रेरणा दारातच बसली. पाऊस वाढला होता आणि इरल्याच्या प्लॅस्टिकवरून पाणी छान ओघळून जात होतं. इरलं करणाऱ्या मामांनी, आत्याच्या नवऱ्याने, काम चोख केलं होतं, एक थेंब आत जायची सोय नव्हती. ते बघता बघता तिच्या मनात भलतंच आलं.

"आत्या, इरलं दिवसभर इथं होतं, मग लावणीला तुम्ही काय घातलं?"

"खताची गोनी. डोक्यापुरती हुती की."

दहा दिवसांचा ताप प्रेरणाला आठवला, आणि फोनवर आपण काय ओरडलो होतो तेही. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की आत्याकडे मान वर करून बघवेना. आणि रागही गेला नव्हता. तो होता तिथेच.

निबंध मात्र तयार होता. इरलं काही कुणाला सांगायला येणार नव्हतं. आकडे खोटे नव्हते, फक्त पाऊस खोटा होता. पाच मिनिटं ती हा विचार करत बसली, आणि मग तिला रत्नाचं हसणं आठवलं. तिने सरांना फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. सरांनी एवढंच विचारलं, नक्की चारही महिने? ती म्हणाली, रोज, सर. मग सर म्हणाले, निबंध पाठवू नका. पुढचा पावसाळा धरू. फेलोशिपचं काय करायचं ते सोमवारी बघू. त्यांच्या आवाजात राग नव्हता, याचाही तिला वैताग आला.

ती पावसात गेली, ड्रमवर चढली, एकेक गाठ सोडली आणि इरलं घरात आणून खुंटीला लावलं. काचांवर पहिल्यांदाच पाणी पडायला लागलं. आत्याला ते बघवेना. ती तीनदा उठली आणि तीनदा प्रेरणाने पदर धरून तिला खाली बसवलं. पिवळ्या पडल्या, फुटल्या, तरी हात लावायचा नाही, असं तिने पुन्हा बजावलं. पुढच्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ती स्वतः दर शनिवारी येणार होती.

आत्या काचांकडे बघत म्हणाली, "म्हंजी औंदाच्या गत न्हाई. फुडल्या लावणीला इरलं माजं मला घालाया मिळंल, व्हय ना?"

प्रेरणाने आत्याचा ओला पदर तेवढा हातात धरून ठेवला.