क्लचवरची बोटं

जळगावात आमच्या शेजारी राहणारे नाना रोज सकाळी आपल्या स्कूटरचा क्लच दाबून बघत. संधिवातानं सुजलेली बोटं मिटली नाहीत, की हसत मागे बसत आणि कचेरीपर्यंत स्कूटर मी चालवी.

डॉक्टरांनी जुन्या औषधांच्या जोडीला एन्झाइमच्या गोळ्या दिल्या होत्या, त्याही उपाशीपोटी घ्यायच्या. गुण येईलच, असं काही ते बोलले नव्हते.

"निम्मं पोट गोळ्यांनीच भरस, भाऊ," नाना म्हणत.

एका सकाळी क्लच पुरता दाबला गेला. नानांनी तो पुन्हा एकदा दाबून पाहिला.

"नव्या गोळ्यांचा गुण शे का जुन्यांचा, देव जाने. बसा मागं."

चौकापर्यंत त्यांनी झोकात स्कूटर नेली, मग थांबवून हँडल माझ्या हाती दिलं.

"आज इतकंच," म्हणाले आणि कचेरी येईस्तोवर मागे बसून शीळ घालत राहिले.