कच्च्या पार्टीचं सोपं स्वागत

आमच्या शोभाच्या लग्नात नवरी पळून गेली. तिच्या आधी मी पळाले होते.

आता तुम्ही म्हणाल, ही कसली आई! म्हणा. शोभाचं सासर अजून तेच म्हणतं. पण आधी ऐकून तर घ्या.

लातूर नवा नवा जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. त्याआधी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. साधा एक दाखला काढायचा तर एसटीत हाडं खिळखिळी करून तिकडं जावं लागे. जिल्हा झाला आणि रोज कशाचं तरी उद्घाटन व्हायला लागलं. कचेरीचं, कचेरीच्या पाटीचं, कचेरीमागच्या सायकल स्टँडचं. फक्त पाण्याचं उद्घाटन होत नव्हतं, कारण पाणीच नव्हतं. पाऊस नव्या जावयासारखा घडीभर टेकायचा आणि लगेच निघायचा.

उद्घाटन म्हटलं की बँड आलाच. आमचे हे क्लॅरिनेट वाजवायचे. दिवसा तेलाच्या मिलमध्ये कामाला आणि संध्याकाळी बँडमास्तर. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून मीही मास्तरच म्हणायचे. जिल्ह्यामुळं आमंत्रणं वाढली, तशा मास्तरांनी दोन पार्ट्या केल्या. एक पक्की पार्टी. त्यात सगळे जुने, कमावलेल्या छातीचे. दुसरी कच्ची पार्टी. त्यात बाकीचे सगळे! लिंबाजी गवंडी त्यांचा म्होरक्या. भिंती बांधता बांधता चाळिशीत त्याला ट्रंपेटचा नाद लागला. गाल असे फुगवायचा, की आपण घाबरून कानावर हात ठेवावेत, आणि बाहेर यायची नुसती वाफ.

मास्तर प्रत्येक धुनेचं नोटेशन सा रे ग म मध्ये कागदावर लिहून ठेवायचे. पत्र्याची एक पेटी भरली होती. शाळेशी माझं चौथीतच बिनसलं, पण भाकरी थापता थापता ते कागद वाचायला मी शिकले. पुढं पुढं कुठल्या पार्टीला कुठला कागद द्यायचा, ते मीच ठरवायला लागले. कारण मास्तरांना अवघडाचा सोस! कच्च्या पार्टीपुढं ते असा कागद ठेवायचे, की तिसऱ्या ओळीला लिंबाजी निळा पडायचा.

"मास्तर, त्याच्या दमापरमानं द्या की जरा," मी म्हणायचे. "हा वरचा सा त्याला ह्या जन्मी गावत न्हाई."

"मग तो शिकणार कधी?"

"जित्ता राहिला तर शिकंल ना!"

शेवटी मीच पदर खोचला. मास्तरांची एक वरातीच्या स्वागताची धून होती. लई गिरक्यांची. तिच्यातल्या गिरक्या काढून टाकल्या. वरचे सूर उचलून खाली बसवले. जिथं श्वास पुरत नव्हता तिथं ढोल घातला. करता करता उरले चार सूर. दोन चढायचे, दोन उतरायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. वर मोठ्या अक्षरात नाव लिहिलं, 'वरातीचं सोपं स्वागत'. पहिल्याच दिवशी ती धून शेवटापर्यंत वाजली आणि लिंबाजीच्या डोळ्याला पाणी आलं. (गल्लीत त्या आठवड्यात तेवढंच पाणी आलं.)

पण वाजवणार कुठं? दुष्काळात लोकांनी लग्नं पुढं ढकललेली. वऱ्हाडाला जेवण एक वेळ घालता येईल, पण हात धुवायला काय देणार? जी थोडी लग्नं होती ती पक्की पार्टी वाजवायची. कच्ची पार्टी आपली दिवसभर कोपऱ्यावरच्या चिंचेखाली सराव करत राहिली. टँकरही त्याच कोपऱ्यावर यायचा. येण्याची वेळ ठरलेली नाही आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही. वाजवला की घागरी त्याच्या अंगावर यायच्या, म्हणून तो चोरपावलानं टँकर आणायचा. (टँकर चोरपावलानं आणणं सोपं नाही. त्याला जमायचं!) आमची शेजारीण गयाक्का रोज रिकामी परत यायची.

"सुमन, आज बी गेला की गं मुडदा! मी आपली वांगी चिरत बसले."

तेव्हा मला अक्कल सुचली. मी लिंबाजीला बोलावलं.

"हे बघ, टँकर दिसला की तुमचं सोपं स्वागत वाजवायचं. तुमचा सराव होतो आन् गल्लीला वर्दी मिळते."

"हाव वैनी," लिंबाजी म्हणाला. त्याच्या वाजवण्याची कुणी वाट बघणार, हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

उन्हाळाभर मग गल्लीला वळणच पडलं. पहिल्या सुराला हातातलं टाकायचं, दुसऱ्याला घागर उचलायची, तिसऱ्याला उंबरा, चौथ्याला कोपरा! आमची शोभा नंबर लावण्यात पटाईत. कधी दुसरी आली नाही.

अशात शोभाला नांदेडचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेच्या ऑफिसात. मुलाची आई शेवंताबाई, गोदावरीकाठी राहणारी, ताठ मानेची. बघायला आल्या तेव्हा सगळं पसंत पडलं. मी जीव मुठीत धरून विचारलं, "देण्याघेण्याचं कसं?"

"काही नको आम्हाला," त्या म्हणाल्या. "फक्त माझी एक हौस हाय. बँड बढिया पाहिजे. आन् आमचं वऱ्हाड आलं की तुमची सगळी गल्ली स्वागताला उभी दिसली पाहिजे. माझ्या लग्नात वऱ्हाड आलं तेव्हा आमच्याच लोकांनी तोंड दुसरीकडं फिरवलं होतं. अजून सलतंय मला ते."

आता सांगा, बँडमास्तराच्या घरी ही अट म्हणजे अट झाली का? आम्ही दोघं एकदम हसलो. आणि तारीख ठरल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं, की त्याच दिवसाचा शब्द त्यांनी उदगीरच्या एका अडत्याला देऊन ठेवलाय. पक्की पार्टी तिकडं जाणार!

"फिरवा की शब्द," मी म्हटलं. "लेकीचं लग्न हाय."

"त्याची बी लेकच हाय," मास्तर म्हणाले आणि क्लॅरिनेट पुसत बसले.

म्हणजे राहिली कच्ची पार्टी. मी पत्र्याची पेटी उपडी केली आणि कागद निवडायला बसले. एक धून सुंदर, पण तिला दोन क्लॅरिनेट लागायचे. मास्तर नवरीचे बाप, तेव्हा आपल्याकडं एकही नाही. दुसरी इतकी जलद, की खुळखुळेवाला आधी संपायचा आणि ढोलवाला दुसऱ्या दिवशी. तिसरी घेऊन बघितली, तर ती वाजताना गयाक्का डोळ्याला पदर लावून आली. "कोण गेलं गं?"

मग मी तो कागद काढला. 'वरातीचं सोपं स्वागत'. माझंच अक्षर!

"हीच वाजवा," मी म्हटलं.

लिंबाजीनं डोकं खाजवलं. "ही तर रोजचीच हाय, वैनी."

"म्हणूनच! सराव नको, काही नको. फक्त मधीच थांबू नका. मी हात वर केल्याबिगर थांबायचं न्हाई."

माझ्या कसं लक्षात आलं नाही, असं लोक विचारतात. अहो, कागदावर 'स्वागत' लिहिलेलं, म्हणून माझ्या डोक्यात ते स्वागतच! डोकं वाचलेलं धरून बसतं. पायांना कुठं वाचता येतं?

लग्नाचा दिवस उजाडला. गल्लीच्या मधोमध आमचा विहार, त्याच्यापुढं मांडव. भंतेजी येऊन बसले. शोभा पांढऱ्या साडीत इतकी शांत दिसत होती, की मलाच भरून आलं. सगळी गल्ली कमानीपाशी दोन्ही बाजूंनी उभी. मी मधोमध, नवं लुगडं, हातात फुलांनी भरलेली परात. नांदेडच्या ट्रकमधून वऱ्हाड उतरलं. सगळ्यांपुढं शेवंताबाई, भरजरी पदर सावरत. मी मास्तरांकडं बघितलं, मास्तरांनी लिंबाजीकडं, आणि लिंबाजीनं गाल फुगवले.

पहिला सूर.

मी परातीतली फुलं जमिनीवर ओतली.

दुसरा सूर आला तेव्हा मी वळले होते. तिसऱ्याला कमान मागं पडली. चौथा मी ऐकलाच नाही, कारण तोवर मागं सगळी गल्ली धडाधडा पळत होती! घागरी, बादल्या, कळश्या. आचाऱ्यानं पुऱ्या कढईतच सोडल्या आणि वरणाचं रिकामं पातेलं घेऊन निघाला. गयाक्का माझ्या पाठीशी ओरडत होती, "सुमन, नंबर धर गं माझा!" आणि आम्हा दोघींना मागं टाकून बाणासारखं पांढरं काहीतरी गेलं. ती शोभा. हारासकट!

मास्तर एकटे मांडवात ओरडत राहिले, "अगं ए! वऱ्हाड हाय ते! वऱ्हाड!" पण ऐकू कुणाला येणार? लिंबाजीला वाटलं, धून ऐकून लोक खुळावले. त्याच्या उभ्या आयुष्यात असं यश त्यानं पाहिलं नव्हतं. तो आणखी जोरात वाजवायला लागला. आणि थांबवणारा हात कोपऱ्यावर परात धरून उभा!

कमानीखाली शेवंताबाई आणि त्यांचं वऱ्हाड. समोर कोपऱ्याकडं तोंड करून ओरडणारे मास्तर, भंतेजी, आणि खुर्चीवर गल्लीतले एक बहिरे आजोबा, एवढेच.

"नवरी कुठंय?" शेवंताबाईंनी आजोबांच्या कानात ओरडून विचारलं.

"नवरी? पळाली," आजोबा शांतपणे म्हणाले. "लई जोरात पळाली."

"आन् आई?"

"तिच्या आधी."

वऱ्हाडात एकच गलका उठला. कुणी म्हणालं, ट्रक वळवा. शेवंताबाईंचा चेहरा पडला, तो मास्तर अजून विसरले नाहीत. पुन्हा तोंडं फिरली, पुन्हा तेच! पण नवरदेव मात्र कोपऱ्याकडं चालत आला. मागून शेवंताबाई, मागून सगळं वऱ्हाड, आणि त्यांच्या मागून बँड, तीच धून वाजवत.

रांगेत पहिला नंबर शोभाचा. नवरदेव तिच्यासमोर उभा राहिला.

"तुम्ही पळालात?"

"नंबर लावायला," शोभा मान खाली घालून म्हणाली.

"मग पाणी?"

"आलं न्हाई अजून."

मी हात वर केला. परातीसकट. धून थांबली आणि मला कळलं, मी काय करून बसले ते. मी शेवंताबाईंपुढं गेले.

"विहीणबाई, पोरीचा कसूर न्हाई. धून मी निवडली. पार्टी कच्ची, म्हणून सोपी निवडली. टँकर आला की रोज हीच वाजते. पळायला मीच सुरुवात केली. मला काय बोलायचं ते बोला, पण पोरीला न्हाई म्हणू नका."

आचाऱ्यापासून गयाक्कापर्यंत सगळी रांग शेवंताबाईंनी डोळ्याखालून घातली. प्रत्येक जण घागर छातीशी धरून त्यांच्याकडं बघत होता.

"सगळी गल्ली उभी पाहिजे म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या. "उभी तर हाय. आन् तोंडं बी माझ्याकडंच हायत."

आणि त्यांना असं हसू फुटलं, की भरजरी पदर तोंडात कोंबावा लागला. मग वऱ्हाड रांगेच्या कडेकडेनं मानानं चालत मांडवात गेलं, आणि पहिल्यांदाच आमच्या गल्लीनं टँकर नसताना रांग मोडली. टँकर दुपारी आला. चोरपावलानं. आम्ही जेवत होतो. (लिंबाजीनं वाजवलं नाही. त्याला बिचाऱ्याला आता प्रत्येक सुराची भीती बसली होती.)

परवा शोभाच्या मुलाचं लग्न झालं, नांदेडला. मोठं कार्यालय, मोठा बँड. बँडवाला अदबीनं माझ्याकडं आला. "आजी, तुम्हाला यातलं कळतं म्हणे. सुरुवातीला कोणतं वाजवू?"

"त्यांना विचारू नका!" अख्खं वऱ्हाड एका आवाजात ओरडलं.

मी फुलांची परात घेऊन दारात उभी राहिले. बँडनं कुठलीशी नवीच धून धरली. तेवढ्यात माझा पदर कुणीतरी घट्ट पकडला. बघते तर शेवंताबाई, काठी टेकत.

"बसा खाली," त्या म्हणाल्या. "इथं नळाला पाणी हाय."

मी बसले. पण परातीतली फुलं तोवर मी खाली ओतली होती.